आलेल्याले माराचं नाई

"आलेल्याले माराचं नाई."

असं म्हणताना म्हातारी उजव्या हाताची मूठ उघडून रिकामा तळवा समोरच्याच्या नाकापर्यंत न्यायची. बघ, काठी नाही म्हणून. मग त्याच तळव्यावर तंबाखू मळायला घ्यायची. समोरचा यावर काय म्हणतो ते ऐकायला ती कधी थांबली नाही, मग तो सरपंच असो की साहेब.

मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. नवरा गेला, त्याच्या जागी लागले. सुरुवातीला लोक बैल घेऊन यायचे, मला बघायचे आणि बैल घेऊन परत जायचे. बाईमाणूस काय बैल धरन म्हणे! ही म्हातारी मात्र पहिल्याच भेटीत माझ्यासमोर कुत्री आडवी पाडून म्हणाली, "डाक्टरीण, इचा कान पाह्य. अना हात थंडे असन तं आंधी घासून घे." मी डाक्टरीण नाही हे मी तिला शेवटपर्यंत सांगत राहिले. "मंग सुई काऊन लावतं?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

ती कुरमार घरची, म्हणजे मेंढरं राखणाऱ्यांची. नवरा मेला, चराईचं रान बंद झालं, वाघाची भीती वाढली, आणि विकता विकता उरलेली मेंढरं सुनेच्या गळ्यात पडली. कुत्र्या मात्र तिनं सोडल्या नाहीत. उंच, खरबरीत केसांच्या, पिवळ्या डोळ्यांच्या. कुत्र्यांशी ती तिच्या घरच्या बोलीत बोलायची आणि माणसांशी आमच्या. शिव्या सगळ्या आमच्याच बोलीतल्या, कारण त्या बाबतीत आमची बोली श्रीमंत आहे.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. रेबीजच्या सुईनं कुत्र्याचं नाक मरतं, असं ती छातीठोकपणे सांगायची. दरवर्षी यावरून आमचं भांडण. मी सुई द्यायची, ती शिव्या द्यायची, आणि कुत्री आळीपाळीनं दोघींकडे बघायची. सुनेशी ती गोड बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. कुत्रीला 'माय' म्हणायची आणि सुनेला नुसतं 'ए'.

एका साली कुण्या साहेबाचा जर्मन शेफर्ड सुटला आणि म्हातारीच्या कुत्रीला अर्धी जर्मन पिल्लं झाली. झालं! उभ्या कानांची बातमी गावभर पसरली. ज्यांनी आजवर तिला अंगणात उभं केलं नव्हतं ते चारचाकी घेऊन तिच्या झोपडीपुढे उभे राहिले. म्हातारीनं एकालाही पिल्लू विकलं नाही. "पोरगी इकत नसते," म्हणाली. "आंधी घर पाहीन. मनास आलं तं देईन."

आणि खरंच घरं पाहायला निघाली की! स्वच्छ लुगडं नेसून, सोबत मला घेऊन. माझं काय काम, विचारलं तर म्हणे, "तू सरकारी हायेस. इवाई भेते." पिल्लू मागणाऱ्याला ती सरळ इवाई म्हणायची, मुलीच्या सासऱ्याला म्हणतात तसं. चांगले गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेले लोक एका कुत्र्यापायी तिचे इवाई व्हायला तयार होत, ही गंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्या दवाखान्यासमोर एक कंत्राटदार राहतो. खाणीच्या कामावर यंत्रं पुरवतो. त्याच्या घरीही आम्ही गेलो. त्यानं खुर्ची दिली, म्हातारी जमिनीवरच बसली आणि तिनं विचारायला सुरुवात केली.

"घरात पयलं कोन उठते?"

"बायको."

"पोरगी रातीं कुठी झोपन?"

"अंगणात. राखण करासाठीच तं पाहिजे."

"नाई. घरात. बिबट कुत्र्यासाठीच येते. विहीर कुठी हाये?"

"मागं."

ती उठून मागे गेली, विहिरीत डोकावली, वर जाळी आहे की नाही ते हातानं ओढून पाहिलं. कंत्राटदार मला डोळा मारून हसला. कुत्री काय विहिरीत जीव देणार आहे, म्हणाला. मलाही हसू आलं होतं. म्हातारी परत येऊन बसली आणि तिनं शेवटचं विचारलं, "या घरात कोनाचा हात लवकर सुटते?"

कंत्राटदाराची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती खाली फरशीकडे बघायला लागली. म्हातारी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठणार. पण तेवढ्यात त्यांची लहान मुलगी आली आणि म्हातारीनं सोबत आणलेल्या पिल्लाला पोटाशी धरून बसली. म्हातारी विरघळली. तिथेच चुकली, असं ती मला नंतर म्हणाली.

बापाला नाव ठेवायचं होतं टायगर. "कुत्रीचं नाव टायगर? अना तेही वाघाच्या मुलखात?" म्हातारी म्हणाली. "वाघ हासून मरन." मुलीनं परी ठेवलं.

पुढे ती दर बाजाराच्या दिवशी परीला पाहायला यायची आणि घरादाराला शिकवायची. घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं घास द्यायचा, म्हणजे कुत्री सगळ्यांची होते, एकाची होत नाही. "हे मेंढराची जात हाये. इले कळप पाहिजे. आता तुमीच मेंढरं." पिल्लू मुलीच्या टाचेला दात लावायचं तेव्हा आई घाबरली. "चावून नाई राह्यली, हाकून राह्यली," म्हातारी म्हणाली. "काम द्या इले. काम नसन तं घर खाईन." परीला काम मिळालं. मुलगी रस्त्याकडे निघाली की परी वळसा घालून मागून यायची आणि नाकानं ढकलत ढकलत तिला फाटकाच्या आत आणायची. समोरून खाणीचे ट्रक धावतात, त्यामुळे आम्हाला सगळ्यांनाच ते बरं वाटायचं. संध्याकाळी घरातले सगळे आत आल्याशिवाय ती बसायची नाही. शेवटचं माणूस आत आलं की उंबऱ्यात आडवी पडायची.

आणि हाक मारली की येणं. ते तर म्हातारी देवपूजेसारखं शिकवायची. "ये म्हनाचं, आली का घास द्याचा. उशिरा आली तरी घास. कोंबडी मारून आली तरी घास. राग आला तं आपल्या थोबाडीत मारा. पन आलेल्याले माराचं नाई. एक डाव माराल तं जल्मात येनार नाई." आणि मग तो रिकामा तळवा.

कंत्राटदारानं मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

वयात आल्यावर परी एक दिवस पळाली. दुपारी परत आली, चिखलानं माखलेली, शेपूट पोटाशी. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. कंत्राटदारानं फाटकातून हाक मारली, "ये गं, ये. ये परी." आवाज असा की साखर पडावी. ती सरपटत सरपटत त्याच्या पायाशी आली, आणि त्यानं पाठीमागे धरलेला पाइप काढला.

मी ओरडले. रस्ता ओलांडून जाईपर्यंत परी सुटून पळाली होती. "शिस्त लावून राह्यलो, बाई," तो मला म्हणाला. धाप लागली होती त्याला. बायको दारात उभी होती, मुलीचे डोळे झाकून.

त्या दिवसानंतर परी फाटकात गेली नाही. समोरच्या मोकळ्या जागेत एक मोडकी ट्रॉली पडली होती, तिच्याखाली राहायची. त्या घराकडे तोंड करून. मुलगी रस्त्यावर आली की धावत यायची, तिला आत ढकलायची आणि पुन्हा ट्रॉलीखाली. कोणी हात पुढे केला की लांब सरकायची. कंत्राटदार दवाखान्यात आला. "बिघडली थे. एखादी सुई देऊन खतम करून टाका." मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग म्हातारीला निरोप पाठवला.

ती सकाळीच आली. कंत्राटदाराशी बोललीसुद्धा नाही. ट्रॉलीपासून थोडं दूर मातीत बसली आणि हाक मारली. परीनं कान हलवले. आली नाही. हिच्या हातावर वाढलेली कुत्री, हिच्या हाकेलाही आली नाही! म्हातारीचा चेहरा पाहवत नव्हता. ती उठली, परीकडे पाठ करून बसली, भाकरीचा तुकडा घेतलेला हात मागे केला आणि तशीच राहिली. येणारेजाणारे हसत होते. मी चहा नेऊन दिला, तिच्या शेजारी टेकले. मागे बघू नको, म्हणाली.

ऊन चढलं तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. समोर रस्त्याकडे बघत.

"माही लेक आल्ती अशीच. दुपारची. पायात चप्पल नाई. दारात उभी राह्यली. माय, मले ठेव म्हने. मी काय केलं मालूम हाये? लोकं काय म्हनन म्हनून दोन झापडा मारल्या तिले. नांदा लागते, म्हटलं. भावासंग माघारी धाडली." ट्रक गेला, त्याची धूळ बसेपर्यंत ती थांबली. "मंग ते आली नाई. कायले येईन? मार खायाले? त्याईच्या मागच्या विहिरीत गेली."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

"लोकं म्हने, पाय घसरला. मी बी म्हटलं, घसरला. अजून तेच म्हनतो."

इतकी वर्षं ती घराघरातून जी विहीर वाकून बघत होती ती कोणती, ते मला तेव्हा कळलं. आणि मी तिला हसले होते.

दिवस कलताना परी आली. पोटावर सरपटत, थांबत, मागे फिरत, पुन्हा येत. म्हातारीच्या हातातली भाकरी तिनं हुंगली, पण खाल्ली नाही. तोंड म्हातारीच्या खांद्यावर ठेवलं. म्हातारीनं तिला धरलं नाही की कुरवाळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही. "आली काय माय?" एवढंच म्हणाली. मग हळूच उठून चालायला लागली. परी दोरीशिवाय तिच्यामागे.

तेवढ्यात कंत्राटदार दोरी घेऊन बाहेर आला. "देलेलं वापस नेते का कोनी? आता थे माही हाये."

"देली होती," म्हातारी म्हणाली. "मराले नोती देली, इवाई."

त्याची बायको मागून आली. परीचं जेवणाचं भगोनं तिनं म्हातारीच्या हातात दिलं, काही न बोलता. नवरा तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी ती दूध घ्यायला बाहेर आली तेव्हा पदर अर्ध्या तोंडावर ओढलेला होता. मी तिला म्हटलं, "माझं घर दवाखान्याच्या मागंच आहे. दार उघडं असते." ती दुधाकडेच बघत राहिली.

गेल्या पावसाळ्यात म्हातारी तापानं गेली. त्याच्या थोडं आधी ती माझ्या घरी येऊन गेली होती, स्वच्छ लुगडं नेसून. मी आपली चहा टाकला, तर ही प्रश्न विचारायला लागली. पयलं कोन उठते? मीच उठते, बाई, दुसरं आहे कोण! हात कोनाचा सुटते? तुझ्यावर माझा सुटेल एक दिवस, म्हटलं. हसली. विहीर? नळ आहे, बाई, आणि त्यालाही एक दिवसाआड पाणी. तरी तिनं मागचं अंगण पाहिलंच. ती गेल्यावर तिचा मुलगा परीला माझ्याकडे सोडून गेला. आईनं सांगतलं होतं, म्हणाला.

परी आता माझ्या उंबऱ्यात आडवी पडते. मी एकटीच असल्यामुळे तिचं काम लवकर संपतं.

परवा दुपारी मी जेवायला घरी आले होते. परी एकदम उठली. फाटकाशी कंत्राटदाराची बायको उभी होती. कडेवर मुलगी, पाय अनवाणी, ओठ सुजलेला. आत यावं की परत जावं, तिला कळत नव्हतं. परी तिच्या बाजूनं वळसा घालून मागे गेली आणि नाकानं तिला ढकलायला लागली. पायरीवर ढकललं, उंबऱ्याच्या आत ढकललं. दोघी आत आल्यावर स्वतः उंबऱ्यात आडवी झाली.

मी काही विचारलं नाही. ताट वाढलेलं होतं, ते तिच्यापुढे सरकवलं.

थोड्या वेळानं तो आला. माझ्या फाटकाबाहेर उभा राहिला आणि हाक मारायला लागला. "ये गं, ये. घरी चाल." आवाज तोच. साखर पडावी असा. हात पाठीमागे.

तिच्या हातातला घास तसाच राहिला. परी जागची हलली नाही, फक्त तिच्या मानेवरचे केस उभे राहिले.

मला त्या वेळी म्हातारीची फार आठवण आली. ती असती तर तिनं त्याला अशी शिवी हासडली असती की रस्त्यावरचे ट्रक थांबले असते. ती नव्हती. म्हणून मग मीच बाहेर गेले आणि दिली.