दिलेला भाऊ

पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. मधल्या सुट्टीत शिपाईबाईंनी ते माझ्या हातात ठेवलं आणि मी व्हरांड्यातच उभ्या उभ्या वाचलं. सांगलीहून कुणा अनोळखी शिक्षकानं लिहिलेल्या चारच ओळी होत्या. ‘मास्तर मंगळवारी पहाटे छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या वंशावळीच्या कामात आपला परिचय होता असे त्यांच्या वहीवरून दिसले, म्हणून कळवीत आहे...’ घंटा झाली. मी कार्ड हजेरीपटात घातलं आणि तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन सांगायला गेले. एका मुलीनं विचारलंसुद्धा, “बाई, तुम्ही तेच वाक्य परत का सांगताय?” घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ते कुणाच्या नावाचं, हे शेजारणीला सांगता येईना. मला सुतक नव्हतं. रजेचा अर्ज करायचा तर त्यात नातं काय लिहिणार?

गेलेला माणूस माझा पाठचा भाऊ होता. एकाच आईच्या पोटची आम्ही दोघं. पण कागदावर, रिवाजात आणि लोकांच्या बोलण्यात आमचं काहीच नातं नव्हतं, कारण तो तीन वर्षांचा असताना दत्तक गेला. इथं मी त्याला मास्तर म्हणेन, नाहीतर आईनं ठेवलेल्या नावानं, ज्ञानू. दत्तक घरचं नाव लिहिणार नाही आणि आमच्या गावाचंही नाही. शिराळ्याच्या अलीकडचं एक गाव, एवढं पुरे. का लिहीत नाही, ते पुढं येईलच.

प्लेगाच्या साथीत आमचे वडील गेले आणि आठ दिवसांच्या अंतरानं दोन भावंडं गेली. उरलो मी सहा वर्षांची, ज्ञानू तीन वर्षांचा आणि आई. रान मुरमाड, कसणारं कुणी नाही. त्या वर्षीच भावकीतले लांबचे एक गृहस्थ सांगलीहून छकडा घेऊन आले. त्यांना मूल नव्हतं, बागायत होती. त्यांची अट एकच होती. मुलाला मागचं काही कळता कामा नये, भेटीगाठी नकोत, जुनं नावही कुणी घ्यायचं नाही. आईनं शब्द दिला. मला सांगण्यात आलं, ज्ञानू मामाकडं गेलाय. तो माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नसे, म्हणून पुष्कळ दिवस मी आईला विचारायची, त्याला मामाकडं झोप कशी येते? आई उठून बाहेर जायची. मग मीही विचारायची थांबले. खरं काय ते मोठेपणी भावकीतल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. पुढं माझं लग्न झालं, मालक पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईत गेले ते आलेच नाहीत. मी शिकले, साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले... एवढ्या वर्षांत मला भाऊ होता हे मी जवळजवळ विसरले होते. खोटं कशाला सांगू?

तो परत आला तो दुसऱ्या लढाईच्या दिवसांत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी होते. आमच्या भागात तेव्हा भूमिगतांचा जोर होता आणि त्यांच्या मागावर पोलीस. वेश बदललेला पोलीस बुटांवरून कळायचा, म्हणून गावात अनोळखी माणूस दिसला की आधी त्याच्या पायांतले बूट पाहत. असा एक धोतर-कोट-टोपीतला माणूस काखेत वह्यांची पिशवी घेऊन आला आणि घरोघर विचारू लागला, तुमच्या आजोबांचं नाव काय, पणजोबांचं काय, त्यांना भाऊ किती. मग काय! चार तरण्यांनी त्याला धरून चावडीवर बसवला. गलका ऐकून मीही बायकांबरोबर कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले.

“आमच्या मेल्या माणसांची नावं कशाला गोळा करतुयास रं? कुणाला नेऊन देणार हायस?” भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं दरडावलं.

“देणार कुणालाच नाही. आपली भावकी तीन तालुक्यांत पांगली आहे, ती एका कागदावर आणतोय,” तो म्हणाला. “विश्वास नसेल तर तुमचंच सांगतो.” आणि वही मिटून त्यानं त्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. कोण पाटलाकडं चाकरीला राहिला, कोण खंडाळ्याकडं गेला तो तिकडचाच झाला, कुणाला नुसत्या मुलीच होत्या. म्हातारा ऐकता ऐकता खाली बसला. “माज्या चुलत पणज्याचं नाव मला बी ठावं न्हवतं, गड्या,” असं म्हणून त्यानं स्वतः गूळ-पाणी आणवलं. मग कुणीतरी म्हणालं, भावकीत आता सगळ्यांत थोरली म्हणजे तिकडली म्हातारी, तिला विचारा. आणि त्याला आमच्या घरी घेऊन आले.

आई जोत्यावर शेंगा फोडत बसली होती. मी घोंगडं टाकलं. तो बसला, वही उघडली आणि नाकावरचा घाम पुशीत राहिला. मला वाटलं, चावडीवरच्या प्रकारानं भेदरलाय बिचारा. मग त्यानं मालकांचं नाव विचारलं. आई नवऱ्याचं नाव घेत नसे, ते मी सांगितलं.

“मुलं किती?”

आई शेंगा फोडत राहिली. “चार,” ती म्हणाली. मी चमकून पाहिलं. गावात कुणीही विचारलं तरी आजवर ती ‘एक’ म्हणायची आणि माझ्याकडं बोट करायची.

“चार. दोन पिलेगात गेली. ही एक. आन् एक दिला.”

त्यानं सगळं सावकाश लिहिलं. मान वर न करता विचारलं, “दिलेल्याचं नाव?”

“द्येताना सबूद दिला व्हता, नाव घेणार न्हाई म्हून.”

“का दिला?”

मला त्या प्रश्नाचा राग आला. पण आई शांतपणे म्हणाली, “जगावा म्हून.”

त्यानं वहीत नावापुरती जागा कोरी सोडली, पाणी प्यायला आणि उठला. तो गेल्यावर मी आईला म्हटलं, परक्या माणसाला हे कशाला सांगितलंस? आई म्हणाली, “त्यानं इचारलं. का दिला, म्हून चाळीस वरसांत कुणी इचारलंच न्हाई.”

त्यानंतर मास्तर प्रत्येक सुट्टीत येऊ लागले. सांगलीच्या एका शाळेत ते इतिहास शिकवतात, बायको बाळंतपणात गेली, मूल नाही, घरी म्हातारी आई आहे, एवढं मला समजलं होतं. दर वेळी त्यांची काहीतरी शंका राहिलेली असायची. पणजीचं माहेर म्हसवडचं की आणखी कुठलं? थोरल्या चुलत्यांना देवी आल्या त्या लग्नाआधी की नंतर? दोन शब्दांत उत्तर द्यायचं तिथं आई तास तास बोलायची. ते लिहीत बसायचे आणि जेवणवेळ करूनच उठायचे. एरवी अर्धी भाकरी खाऊन ताट सारणारी माझी आई त्यांच्याबरोबर अख्खी भाकरी खायची. एकदा मी वैतागून म्हटलं, “मास्तर, अजून किती शंका आहेत तुमच्या?” ते हसले आणि म्हणाले, “संपत नाहीत, बाई.” माझ्या त्या प्रश्नाची आज मला लाज वाटते.

आई आजारी पडली त्या वर्षी रेशनची ज्वारी होती आणि पाऊस लांबला होता. मी रजा काढून आले. मास्तरांना कुणी कळवलं नव्हतं, तरी ते आले. आईचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. त्यांना पाहून तिनं हातानं खूण केली, जवळ बसा. ते वही काढू लागले तेव्हा ती म्हणाली, “मास्तर, त्या दिलेल्याचं नाव लिवलं का?”

“नाही. तुम्ही सांगितलं नाहीत.”

“लिवा. ज्ञानू.”

त्यांच्या हातातली वही खाली पडली. इतके दिवस छापल्यासारखं शुद्ध बोलणारा तो माणूस आमच्याच बोलीत, लहान पोरासारखा म्हणाला, “व्हय, आये.”

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तिला केव्हापासून ठाऊक होतं, कुणास ठाऊक... बहुतेक त्या पहिल्या दिवसापासूनच. मी चुलीपुढं उभी होते, तिथंच बसले.

तिसऱ्या दिवशी आई गेली. अग्नी चुलत भावानं दिला. ज्ञानू गावकऱ्यांच्या मागं, पावण्यांच्या रांगेत उभा होता. पोटचा मुलगा असून त्याला खांदाही मागता आला नाही. मागितला असता तर लोकांनी विचारलं असतं, तुम्ही कोण? सगळे पांगल्यावर आम्ही दोघं नदीकाठी बसलो आणि तेव्हा त्यानं मला सांगितलं. सुगीनंतर बैल घेऊन गावोगाव फिरणारे, घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवणारे हेळवी आपल्याकडं येतात. त्याचे दत्तक वडील वारल्यावर त्यांचा हेळवी दारात आला. ज्ञानू माडीवर होता. खाली हेळव्यानं पिढ्या म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी आलं, यांना पोटी संतान नाही, अमक्या गावच्या अमक्याचा धाकटा घेतला. एवढ्यात त्याच्या आईचा दबका आवाज आला, “आवं, ते शेवटचं म्हनू नगासा. पोरगं वर हाय. पायलीभर जोंधळं जास्त घ्या, पर त्ये म्हनू नगासा.” त्या दिवसापासून त्यानं वंशावळीचं काम हाती घेतलं. भावकीत दहा वर्षं हिंडला, का तर आमच्या दारात यायला निमित्त हवं म्हणून.

“सांगलीच्या आईला सांगितलं नाहीस?” मी विचारलं.

“कधीच सांगणार नाही. जन्म सोडून तिनं मला सगळं दिलंय, अक्का. मला कळलंय हे तिला कळलं तर ती मला जेवायला वाढतानासुद्धा घाबरेल, हा आता जातोय की काय म्हणून. तूही शब्द दे.”

आईसारखाच मीही शब्द दिला. म्हणूनच इथं नावं नाहीत. त्या माउलीला वाचता येत नाही, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना येतं.

पुढं आम्हाला जेमतेम चार वर्षं मिळाली. त्याची पत्रं यायची ती ‘श्रीमती बाईंस सप्रेम नमस्कार’ अशी. कुणाच्या हाती पडतील सांगता येत नव्हतं. भाऊबिजेला तो घर सोडून येऊ शकत नसे. दोन दिवसांनी, शाळेच्या कामाचं सांगून साताऱ्याला यायचा. घरमालकीण विचारायची, आज कसली हो ओवाळणी? मी म्हणायची, राहून गेलेली. खरंच ती राहून गेलेलीच होती. चाळीसेक वर्षांची.

कार्ड आलं त्यानंतरच्या रविवारी मी सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेले. दारात त्याचे जुने बूट होते. त्याच्या खोलीत भिंतीवर तो मोठा कागद टाचलेला होता, हातभर रुंद, चार कागद खळीनं जोडून केलेला. मी आमच्या वडिलांचं नाव शोधलं. त्याखाली चार फांद्या होत्या. दोन प्लेगात गेलेल्या भावंडांच्या, एक माझी. मुलींची नावं वंशावळीत कुणी घालत नाही, त्यानं माझं घातलं होतं. चौथ्या फांदीवर ‘ज्ञानू’ आणि खाली बारीक अक्षरात ‘दिला’. पार पलीकडच्या कडेला दत्तक वडिलांच्या खाली त्याचं दुसरं नाव. दोन्हींच्या मधे वीतभर कोरा कागद. रेघ त्यानं ओढलीच नव्हती. घरातसुद्धा, स्वतःच्या खोलीतसुद्धा त्यानं शब्द पाळला होता. आणि त्या दोन्ही नावांच्या खाली काही नव्हतं. माझ्याही नावाखाली नव्हतं.

म्हातारी मागून आली. कमरेत वाकलेली, गोरी, कोरड्या डोळ्यांची. “तुमी कोन म्हनायच्या त्याच्या?”

“वंशावळीच्या कामात ओळख झाली होती,” मी म्हटलं.

“बसा.” तिनं मला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली टेकली. “लय हिंडला बाई त्या कागदापायी. मी म्हनायची, आरं, एवढी मानसं गोळा करतुयास, तुला सोताचं कोन हाय रं? ना भाऊ, ना भन. एकला जीव. बारा दिस झालं. मानसं येत्यात, बसत्यात, जात्यात. माज्या डोळ्यांचं पानी तर पैल्या दिवशीच आटलं. रडायला कुनी न्हाई बगा त्याच्या मागं. एकांदी भन आसती तर गळा काडून रडली आसती.”

मी मान खाली घातली. दातांखाली पदर धरला. तिला काही ठाऊक नव्हतं, ती आपल्या दुःखानं बोलत होती. पण माझे खांदे हलताना तिनं पाहिलं, आणि तिचा हात माझ्या पाठीवर आला.

“रडा बाई,” ती म्हणाली. “तुमी तरी रडा. भनीवानी रडा.”

मग मला काही आवरेना.