शेवट न सांगणारा

बूढापारा मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये दर रविवारी जुने परदेशी सिनेमे दाखवणारे हे गृहस्थ शेवट कधीच सांगत नाहीत. विचारलं, की म्हणतात, "काहून घाई करून राहिले भाऊ? बसा नं!" स्वतः मात्र मागे उभे राहतात आणि पडद्यावरच्या प्रत्येक चुंबनाला मोठ्यानं खाकरतात.

बायको वारल्यावर मी पहिल्यांदाच गेलो. सिनेमा युद्धावरून परतलेल्या सैनिकाचा होता. बायकोला एकटं सोडून गेल्याची बोच त्याला छळत असते. दिवे मालवण्याआधी गृहस्थ माझ्या कानाशी वाकले. "भाऊ, याच्यात बायको मरते. त्याच्या आधी मी खूण करतो, बाहेर चहाले चला."

त्यांनी खूण केली. मी उठलो नाही. मग गृहस्थच चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसले. पडद्यावर चुंबन नव्हतं, तरी दोनदा खाकरले.