पाणचक्कीचा दगड

बाबाजी पांचाळांचा देवावर विश्वास नव्हता, पण समजावून सांगितलं की माणसाला समजतं यावर मात्र अढळ विश्वास होता. या दुसऱ्या श्रद्धेपायी त्यांनी जन्मभर जेवढे टक्केटोणपे खाल्ले, तेवढे एखाद्या भाबड्या भक्तानेही खाल्ले नसतील.

मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी मात्र लागली दूर पूर्वेकडच्या डोंगरात, तांब्याच्या खाणीत, फिटर म्हणून. त्या खाणीमागे ओढ्याकाठी आणखी एक खाण होती, गावात कुणाला आठवणार नाही इतकी जुनी. दगडात खोदलेला पाट, मोठं चाक फिरायचं ती अरुंद खाच आणि वाटीएवढे गुळगुळीत खळगे पडलेले दगड, एवढंच तिथे उरलं होतं. चाक केव्हाच कुजून गेलेलं. बाबाजींनी ते डोक्यात पुन्हा उभं केलं. पाटाचं पाणी चाकावर पडायचं, चाक फिरलं की आसाच्या खुंट्या लाकडी घण उचलायच्या आणि सोडून द्यायच्या, घणाखाली खनिज फुटायचं. मोटर नाही, डिझेल नाही. घण पडून पडून दगडाला खळगे पडलेले. ‘‘आपल्याआधीचे फिटर होते हे!’’ असं ते खळग्यांवरून हात फिरवत म्हणायचे.

साहेबलोकांनी त्याच जागेवर खाणीचा मलबा टाकायचं ठरवलं. बाबाजींनी त्यांना हाताला धरून नेलं, चाक हवेत हातवारे करून फिरवून दाखवलं. साहेबांनी चहा घेतला, कौतुक केलं आणि मलबा टाकला. त्याआधी बाबाजींनी चार खळग्यांचा एक दगड तेवढा वाचवला होता. निवृत्तीनंतर तो कपाट-पलंगासोबत ट्रकात बसून भाईंदरला, इंद्रलोक भागातल्या त्यांच्या सोसायटीत आला.

‘‘तांब्याच्या खाणीतून माणसं हंडा आणतात,’’ सुगंधाबाई नवऱ्याला म्हणाल्या. ‘‘तुम्ही धोंडा आणलात.’’

धोंडा काही लिफ्टमध्ये मावेना. तो सोसायटीच्या कुंपणाशी, जास्वंदीखाली ठेवला. बाबाजी संध्याकाळी तिथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणचक्की समजावू लागले. हळूहळू लोक मागच्या गेटने यायला लागले.

जास्वंदीचं काम जास्वंद करत होती. रोज दोन-चार फुलं गळून नेमकी खळग्यांत पडायची. दुसऱ्या मजल्यावरच्या मनोरमाबाईंनी ती पाहिली. कुणीतरी नेमाने फुलं वाहतंय म्हणजे स्थान असणारच, असा त्यांनी हिशोब केला आणि कुंकू लावलं. ते कुंकू पाहून आणखी दोघींनी उदबत्ती लावली. बाबाजी चिडून रोज फडक्याने दगड पुसू लागले, तर काका किती मनोभावे सेवा करतात, अशी त्यांचीच ख्याती झाली.

मग पार्किंग वाढवायचं ठरलं. सेक्रेटरी जितेंद्र त्यांना म्हणाला, ‘‘काका, सॉरी हां, पण तुमचा दगड दोन गाड्यांची जागा खातोय. उद्या डेब्रिसमध्ये जाईल.’’ बाबाजींनी चाक, पाट, घण, सगळं सांगितलं. ‘‘मस्तच काका,’’ जितेंद्र म्हणाला, ‘‘पण गाडी कुठे लावू?’’

दुसऱ्या दिवशी मजूर पहारी घेऊन आले. मनोरमाबाई वरून ओरडल्या, ‘‘अरे, देवाला काय हात लावतोस!’’ जितेंद्र पांढराफटक पडला. ‘‘ए भैया, रुको, उसको मत छुओ,’’ तो मजुरांवर ओरडला आणि बाबाजींकडे वळला. ‘‘काका, देव आहे हे आधी नाही का सांगायचं?’’

बाबाजींनी तोंड उघडलं. पहार अजून दगडाला टेकलेली होती. त्यांनी तोंड मिटलं.

एकदा देव म्हटल्यावर त्याला उघड्यावर कसा ठेवायचा? वर्गणी निघाली, टाइल्सची घुमटी झाली. खळग्यांत पाणी साचून डेंग्यूचे मच्छर होतील म्हणून जितेंद्रने ते पांढऱ्या सिमेंटने बुजवले आणि वर पितळी मुखवटा बसवला. घणांनी पाडलेले ते चार खळगे एका दुपारीत गेले. बाबाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

प्रतिष्ठापनेला सगळी सोसायटी जमली. देव ज्यांनी आणला त्यांनी दोन शब्द बोलावेत, असं जितेंद्रने माइकवरून सांगितलं. बाबाजी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं त्यांच्यासमोर गप्प बसली होती. त्यांना राहवेना. त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं. डोंगर, ओढा, पाट, फिरणारं चाक, उठणारे-पडणारे घण. कुणी उठून गेलं नाही. मोबाइल खिशात राहिले. माणसं हात जोडून ऐकत होती, आणि बाबाजींना वाटलं, समजलं यांना. शेवटी एकदाचं समजलं.

‘‘आणि मग,’’ मनोरमाबाईंनी डोळे पुसत विचारलं, ‘‘त्या घणाखालून देव प्रकट झाले, नाही का हो?’’

सगळे त्यांच्याकडे बघत होते. नाही म्हटलं तर उद्या इथे दोन गाड्या उभ्या राहतील, हे बाबाजींना स्वच्छ दिसत होतं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘तिथेच प्रकट झाले.’’

टाळ्या पडल्या. जितेंद्रने पहिला नारळ त्यांच्याच हातात दिला.