रेघा आणि उटणं

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या मामांकडून आम्ही निघालो ते एका पेल्यामुळे. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. आईच्या छातीची एक बाजू ऑपरेशन करून काढली होती आणि आता काही आठवडे रोज दवाखान्यात जाऊन शेक घ्यायचा होता. रेडिएशनला तिथले सगळे पेशंट शेकच म्हणायचे. आमचं गाव बीडच्या पलीकडे, तेव्हा रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं. वडील पेरणीत अडकलेले, म्हणून मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून आले होते. मामा-मामींनी ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं, वाईट शब्द काढला नाही. फक्त आईचा पेला घासून झाल्यावर इतर भांड्यांत जात नव्हता. तो खिडकीत वेगळा पालथा घातलेला असायचा. मला दिसला तसा तो आईलाही दिसला असणार. एके सकाळी उठून पाहते तर आमची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"त्यांचं काय चुकत न्हाई," ती बसमध्ये म्हणाली. "पर मी अशी खिडकीत ऱ्हानार न्हाई. खोली बघ. मिळाली तर शेक घेते, न्हाईतर आपलं गाव बरं."

आई एकदा बोलली की त्यात बदल होत नसे. खोली नाही तर उपचार नाही, इतका सरळ हिशेब तिने माझ्या गळ्यात बांधला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दवाखान्याजवळची धर्मशाळा भरलेली होती. तिथल्या बाई बिचाऱ्या फार गोड बोलल्या, पण दिवाळी झाल्याशिवाय जागा होणार नाही म्हणाल्या. मग मी कर्वेनगर पालथं घातलं. तिथे कॉलेजच्या मुलींना खोल्या देतात असं ऐकलं होतं. तेवढे दिवस आई शेकाला येत राहिली आणि रात्री आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या. रोज दवाखान्यातून सुटलं की आईला एखाद्या बागेच्या बाकावर बसवायचं आणि मी घरं हुडकायची. एक गृहस्थ जाळीच्या दारामागूनच म्हणाले, "खोली अभ्यास करणाऱ्या मुलींसाठी आहे. आजारी पडणाऱ्यांसाठी नव्हे." दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी विचारलं, "इथे काही बरंवाईट झालं तर आम्ही कुठे जायचं?" त्या दिवशी आई माझ्याबरोबर होती. मी म्हटलं, "तुम्ही कशाला कुठे जाल? जायची ती जाईल." आईने मला दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस काळंनिळं होतं.

शेवटी एका एजंटने चहाचा घोट घेत मला शहाणपण शिकवलं. "कॅन्सर म्हणताच कशाला, ताई? मणका म्हणा. मणक्याला पुण्यात कोणी नाही म्हणत नाही."

आम्ही मणका म्हणालो. त्या खोट्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही.

घरमालकीण काकू बंगल्यात एकट्याच राहायच्या. मागच्या बाजूची एक खोली कुणा मुलीने मध्येच सोडली होती. काकूंनी आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मणका? माझाही दुखतो. मी त्याचा बाऊ करत नाही." मग नियम सांगितले. दुपारी बेल वाजवायची नाही, मोरीत खरकटं टाकायचं नाही. "आणि पाहुणे आणायचे नाहीत. आपणच पाहुणे आहात."

खोली मिळाली, पण माझी झोप उडाली. आईच्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली आणि काखेत डॉक्टरांनी जांभळ्या शाईच्या रेघा आखल्या होत्या. त्या रेघांवरून मशीनचा नेम धरायचा. त्या पुसल्या तर काम अडलं, म्हणून तिथे साबण नाही, तेल नाही, चोळणं नाही, नुसतं ओल्या फडक्याने टिपायचं. शाई ब्लाउजला लागायची. ती ब्लाउजं मी दोरीवर न घालता आत पलंगाच्या दांडीवर वाळवायची. काकूंच्या सपातांचा आवाज आला की मी ती उशीखाली कोंबायची, मग ओली उशी उलटी करायची. मला एका जागी बसवत नसे. खोली चार पावलांची, तरी मी तिच्यात येरझाऱ्या घालायची आणि आई म्हणायची, "बस की बये, जमीन झिजंल."

काकूंचं लक्ष सगळीकडे असायचं. "रोज शेक घ्यायला जाता, रविवारी मात्र नाही," त्या एकदा म्हणाल्या. "रविवारी मणका सुट्टीवर असतो वाटतं." मी हसले. आत येऊन आधी उशीखालचं ब्लाउज चाचपलं.

अशात दिवाळी आली. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत काकूंनी आमचं दार ठोठावलं. हातात कोमट तेलाची वाटी आणि उटण्याचा वाडगा. "उठा. पहिली आंघोळ सूर्य उगवायच्या आत झाली पाहिजे. घरी नाही म्हणून काय झालं?" त्यांनी स्वतः पाट मांडला, आईला बसवलं आणि तिच्या डोक्याला, हातापायांना तेल लावायला घेतलं. आई पदर छातीशी गच्च धरून बसली होती.

"एवढं काय आवळून बसलात? मी काय परकी आहे?" काकू म्हणाल्या. मग वाडगा तिच्या हातात दिला. "हे उटणं आत जाऊन लावा. चांगलं खसखसून चोळा, तेल अंगावर राहता कामा नये." आणि मला फाटकापाशी पणत्या लावायला पिटाळलं. मला हायसं वाटलं. काकूंना काही दिसलं नव्हतं.

आई मोरीतून बाहेर आली, दाराशी ठेवलेलं कारीट टाचेने फोडलं, तेव्हा तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी तिचा वाटला. बसमध्ये तिच्या अंगाला उटण्याचा वास येत होता आणि मी मूर्खासारखी खूश होते.

शेकाच्या खोलीत दोनच मिनिटांत मला आत बोलावलं. मशीनवरचे गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे. आईची छाती स्वच्छ होती, एक रेघ शिल्लक नव्हती.

"आंघोळ झालेली दिसतेय. छान," ते म्हणाले. "आता आम्ही काय अंदाजाने मारू?"

डॉक्टर सुट्टीवर गेलेले, रेघा पाडव्यानंतरच परत आखणार आणि तोवर शेक बंद. असा खंड पडलेला बरा नाही, निदान पुढे तरी सोडू नका, असं मशीनवरच्या गृहस्थांनी मला दोनदा बजावलं. बाहेर येऊन मी आईवर अशी तुटून पडले की ओळीतल्या बायका बघायला लागल्या.

"सणाची आंघोळ अर्धी ठेवू व्हय?" आई शांतपणे म्हणाली. "आजच्या दिशी धड न्हालं न्हाई तर मानूस नरकात जातंय. मशीनचं काय हुईल ते हुईल. म्हटलं, तेवढं तरी पक्कं करून घ्यावं."

मला रडू आलं आणि रागही आला. आईचा, काकूंचा, त्या वाडग्याचाही.

घरी पोचलो तर काकू फराळाचं ताट घेऊन आमच्याच दाराशी. "आज लवकर?" मी काहीतरी थाप मारणार इतक्यात आई बोलली.

"ताई, मला मणक्याचं कायबी न्हाई. क्यान्सर हाय. छातीवर रेघा मारल्या हुत्या, त्या आज म्या धुतल्या. आता मशीन बंद हाय."

काकूंनी ताट कट्ट्यावर ठेवलं. "मी दिलेल्या उटण्यानं?"

"तुमचं न्हाई चुकलं. मीच चोळलं."

काकू माझ्याकडे वळल्या. "खरं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खोली दिली असती?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

त्यांनी खरोखरच विचार केला, तोंडदेखला नव्हे. "नाही," त्या म्हणाल्या. "नसती दिली. आता मी तरी खोटं कशाला बोलू?" आणि ताट उचलून आत निघून गेल्या.

आई पिशवी ओढू लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. गावाची बस कुठून मिळते, एवढंच तिने विचारलं. मी तिला "थांब" म्हणून ओरडले आणि चपला घालून रस्त्यावर आले. दुसरी खोली शोधायची होती, आजच्या आज. कर्वेनगरात दारोदार रांगोळ्या आणि आकाशकंदील. घराघरात माणसं भरलेली, हसण्याचे आवाज, तळणाचे वास. मी प्रत्येक फाटकाशी थांबले आणि रांगोळी चुकवून पुढे गेले. सणाच्या दिवशी कुणाच्या दारात उभं राहून कॅन्सरच्या पेशंटला जागा आहे का विचारायचं, ते माझ्याच्याने झालं नाही. कितीतरी फिरले. कढईच्या तळाला लागल्यासारखा जीव जळत होता, आणि शेवटी रिकाम्या हाताने परत आले.

दार उघडं होतं. आई कॉटवर मांडी घालून चकली खात होती. पिशवी तिच्या पायाशी, तशीच भरलेली. काकू मोरीतून बाहेर येत होत्या, हातात आमची साबणाची वडी.

"हा साबण मी उचललाय," त्या मला म्हणाल्या. "रेघा परत काढल्या की मला दाखवायच्या. आणि मला विचारल्याशिवाय यांनी आंघोळ करायची नाही."

"पण खोली..." मी म्हटलं.

"दिली नसती, असं म्हणाले. दिलेली परत मागते, असं म्हणाले का?"

त्या आईचं रिकामं ताट आणि पाण्याचा पेला उचलून आत गेल्या. माझा जीव त्या पेल्यात अडकला होता. मी घराला वळसा घालून गेले आणि चोरासारखी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत पाहत राहिले. काकूंनी पेला घासला, पदराला पुसला आणि मांडणीत त्यांच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. मग मला माझ्या आईचा पेला कुठला तो ओळखता येईना. मी तिथेच भिंतीला टेकून मनसोक्त रडले.

पाडव्यानंतर नव्या रेघा आखल्या गेल्या. पुढे उपचार संपेपर्यंत आई मोरीत गेली की काकू बाहेर उभ्या. "अहो, फक्त टिपायचं! चोळताय का? मला आवाज येतोय!" आई आतून खोटं खोटं पाणी आपटायची आणि काकू दारावर थाप मारायच्या. निघताना त्यांनी उटण्याची पुडी दिली. "पुढच्या वर्षी. तोवर हात लावू नका."

पुढच्या दिवाळीला आम्ही गावी होतो. पहाटे चुलीवरच्या हंड्यातलं पाणी काढून मी आईला न्हाऊ घालायला बसले. पाठीला, खांद्यांना उटणं लावलं आणि गळ्याच्या हाडापाशी माझा हात आपोआप थांबला. तिथली कातडी शेकाने काळवंडली होती. तेवढी जागा चुकवून मी पुन्हा खांद्याकडे वळले.

आईने माझं मनगट धरलं आणि माझा हात नेऊन तिथेच ठेवला.

"चोळ की जोरात," ती म्हणाली. "आता काय पुसायचं ऱ्हायलंय तिथं?"