बाव्याचा फोटो आणि माझी घाई

एका धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसाला मी अख्ख्या जिल्ह्यात उपाशी ठरवलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सदुसष्टची, म्हणजे कोवळीच. बटण दिसलं की दाबायचं, एवढीच अक्कल.

आमची संस्था म्हणजे आम्ही तिघी निवृत्त मास्तरणी. दिवाळीनंतर डोंगरातले आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा त्यांच्या पोरांना आम्ही वरच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी ठेवतो, म्हणजे शाळा सुटत नाही. धान्य, पांघरुणं लोकांकडून मागायची. जाहिरातवाल्याकडे जायची ऐपत नाही आणि मी लिहिलेलं आवाहन परीक्षेच्या सूचनेसारखं वाटायचं.

म्हणून नातीनं आमच्यासारख्या छोट्या संस्थांसाठी एक साधन बनवायला घेतलं. साध्या फोनवर चालणारं, जवळजवळ फुकट. फोटो टाकायचा, दोन शब्द बोलायचे, की एआय पोस्टर करून देणार, मजकुरासकट! पहिलं पोस्टर झालं तेव्हा मी टाळ्या पिटत अशी ओरडले की शेजारीण धावत आली, साप निघाला म्हणून.

मग काय, सुटलेच मी. त्या शेतकऱ्याचा फोटो घेतला, काठी गावच्या होळीतला. नवस फेडायला तो बावा झाला होता: अंगभर राखेची नक्षी, कमरेला वाळके भोपळे नि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. टोप चौकटीत मावेना, कापला. भोपळे मावेनात, तेही कापले. राहिला राख फासलेला उघडा माणूस. बोलले फक्त, “हे आमचे घरमालक.” साधनानं लिहिलं, ‘अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही. या बांधवाला मदत करा.’ मी ते फोनवरच्या सगळ्या गटांवर धाडून मोकळी.

नात कपाळ धरून बसली. “आजी, हाई काय करी टाकं तुनी? वाचं तरी का?”

“मी कशाले वाचू? मशीन लिखी ऱ्हायनं ना!”

संध्याकाळी कळलं, दोन भले लोक ज्वारीचं पोतं घेऊन त्याच्या दारात पोचले होते. आईबाप आठवड्यात निघणार होते. त्यानं घर नाही म्हटलं असतं, तर पोरं उसाच्या फडात गेली असती.

दुसऱ्या सकाळी नातीला घेऊन तळोद्याहून जीप धरली. तो अंगणात बसला होता. माझा जुना विद्यार्थी. पण ये म्हणाला नाही की बस.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “न वाचताच धाडलं.”

नातीनं फोन पुढे धरला. “काका, आता तुम्हीच सांगा. हे लिहून घेईल.”

त्यानं फोन हातात घेतला. मग बोलू लागला: मुलगी आजारी होती, बरी झाली, म्हणून नवस. घर मोठं आहे, म्हणून पोरं. साधनानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं. त्यानं मध्येच हात वर केला.

“‘बिचारी’ काढ. पोरं बिचारी नाहीत, फार मस्तीखोर आहेत.”

काढलं. पुन्हा वाचलं. त्यानं मान हलवली, आणि नात तिथेच उडी मारून म्हणाली, “आजी, हेच पाहिजे होतं!” तिनं साधनात तसंच बसवलं: आता ज्याचा फोटो आहे त्यानं ऐकून हो म्हटल्याशिवाय ते साधन काही बाहेर सोडतच नाही. बटण दाबून दाबून पाहिलं मी, नाही सोडत! अशा कितीतरी छोट्या संस्था ते वापरतात, आणि प्रत्येक वेळी मला पुन्हा टाळ्या पिटाव्याशा वाटतात.

जीपपर्यंत तो सोडायला आला. डोंगरात मास्तरणीलाही तूच म्हणतात. म्हणाला, “बाई, पोतं मी परत नाही केलं, पोरं आली की लागेल. पण ज्यांनी आणलं त्यांना सांग, एकदा माझ्या घरी जेवायला या.”