काष्टीचं पाचवं लायसन

“मशीनला काय धाड भरलीय मॅडम? ती पोरगीच कायतरी बिघडवतीय,” आबा म्हणाले. “उद्यापासून तिनं हितं ऑफिसला यायचं, न्हाईतर मी दुसरी बघतो. सांगितलंय तिला तसं.”

आबा काष्टीचे पशुखाद्याचे मोठे डीलर. मी नगरमध्ये बसून अशा लहान ऑफिसांचे सर्व्हर सांभाळते. ‘पोरगी’ म्हणजे सुरेखा, त्यांची बिलिंग ऑपरेटर. पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावाहून, घरूनच काम करायची. नुकतीच बाळंतपणाच्या सुट्टीवरून परतली होती. तान्हं बाळ घेऊन रोज काष्टीला येणं तिला शक्यच नव्हतं. म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

त्या दिवशी तक्रार आली म्हणून मी काष्टीला आले होते. आधी तिचं लॉगिन आबांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिलं. चाललं. मग तिला फोन लावला.

“मी कायबी बदललं न्हाई मॅडम,” ती म्हणाली. आवाज रडवेला होता. “बाळ झोपलं की बसते, तर लायसन न्हाई म्हनतंय.”

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. आबांचा सर्व्हर काष्टीत. बाकीचे आपापल्या जागेवरून त्याच्यात शिरतात आणि तिथलंच बिलिंग चालवतात. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. सर्व्हर विकत घेतला म्हणून काम भागत नाही, शिरणाऱ्यांसाठी वेगळं लायसन लागतं. त्याला कॅल म्हणतात. ते दोन प्रकारचं असतं. युजर कॅल माणसाच्या नावावर, मग तो कुठल्याही मशीनवरून येवो. डिव्हाइस कॅल मशीनच्या नावावर, मग त्यावर कुणीही बसो. आबांच्या गोडाऊनमध्ये एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने चारजण बसतात, म्हणून डिव्हाइस घ्या असं मीच सांगितलं होतं. पाच घेतली. ऑफिसला दोन, गोडाऊनला एक, आबांच्या मोबाईलला एक आणि सुरेखाच्या घरच्या कॉम्प्युटरला एक. हिशोब चोख होता.

“द्या तुमचा मोबाईल,” आबा मधेच म्हणाले. “दावतो तुमाला, चालतंय का न्हाई ते.”

माझ्या मोबाईलमध्ये रिमोट डेस्कटॉपचं ॲप होतंच. आबांनी जाड बोटांनी, पण सराईतपणे पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. त्यांचं अख्खं ऑफिस माझ्या मोबाईलवर उघडलं. पेंडीच्या पोत्यांचा स्टॉकसुद्धा.

“बघा. माझ्या हातानं कसं लगेच चालतंय.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नवीन मशीन पहिल्यांदा आलं की सर्व्हर त्याला कच्चं लायसन देतो. तेच मशीन दुसऱ्यांदा आलं आणि लायसन शिल्लक असलं, की पक्कं. गाडीच्या लायसनसारखंच. आणि एखादं मशीन काही महिने फिरकलंच नाही, तर त्याचं पक्कं लायसन सुटतं आणि पुढच्याला मिळतं. सुरेखाचा कॉम्प्युटर बाळंतपणात बंदच होता, आणि तो नवीन नसल्याने आता त्याला कच्चंही मिळणार नव्हतं.

“आबा, ही गंमत अजून कुणाकुणाला त्यांच्या मोबाईलवर दाखवलीत?”

“लई न्हाई. बाजारात एकदोघांना. अन् आमच्या व्याह्यांना.”

“व्याह्यांना किती वेळा?”

“एकदा नातवाच्या बारशाला. अन् मागल्या म्हैन्यात जेवायला आल्ते तवा परत. पयल्या खेपंला त्यांना खरंच वाटंना.”

म्हणजे सुरेखाचं पाचवं लायसन व्याह्यांच्या खिशात होतं. मी हे आबांना समजावून सांगितलं.

सर्व्हरवरून एखाद्या मशीनचं लायसन काढून घेता येतं, पण त्याला मर्यादा आहे. पाचांत एकच.

“काढल्यावर व्याह्यांना मेसेज जातो का?”

“नाही.”

“मग काढा. पन सुरेखाला सांगा, सर्व्हरच बिघडला हुता.”

मला राग आला. बिचारीला आठवडाभर झोप नव्हती, आणि दोष माझ्या सर्व्हरवर. मी म्हटलं, “लायसन मी काढते. सांगायचं तुम्ही.” लायसन काढलं, तिला पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून त्यांच्या पुढ्यात सरकवला.

पलीकडे सुरेखाने लॉगिन केलं. “आलं मॅडम, आलं. पन झालं काय हुतं?”

आबांनी घसा साफ केला. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर टेम्पो बघत राहिले.

“तुझं कायबी चुकलं न्हवतं, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “तुझी जागा आमच्या व्याह्यांनी घेतली हुती. मीच दिली.”

 पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

“मग आबा, ह्या आठवड्याची बिलं त्यांनाच करायला लावायची की,” सुरेखा म्हणाली.

आबा आधी कानापर्यंत लाल झाले, मग पोट धरून हसले. दुसऱ्या पोरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

हल्ली नवीन ऑफिसला लायसन ठरवून देताना मी माणसं किती आणि मशीन किती, एवढं विचारून थांबत नाही. मालकाला हौशी सोयरे किती, तेही विचारून घेते.