मरायला बंदी असलेलं बेट

आम्ही पुण्याचे आयटीवाले टोकियोजवळच्या उरायासूत नुकतेच येऊन पडलो होतो, तेव्हाची गोष्ट. समुद्रकाठच्या बाकावर रविवारी सकाळी एक म्हातारे जपानी गृहस्थ भेटायचे. ते पूर्वी मालवाहू जहाजावर होते. मला ते इंडो-सान, म्हणजे भारतवाले, म्हणायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

रुमालावर तांदळाच्या चकत्या गोल मांडून ते मला ग्रीसची बेटं शिकवत. "हे नॅक्सॉस. या पुंजक्यात सगळ्यांत मोठं, हिरवंगार. खा आता." मीही आज्ञाधारकपणे अख्खं बेट कुरुमकुरुम चावत संपवायचो.

मधल्या चकतीला, म्हणजे डेलॉसला, मात्र ते हात लावू देत नसत. "पवित्र बेट. पूर्वी तिथे जन्मायला बंदी आणि मरायलाही. बायको इस्पितळात आहे. डॉक्टरांनी सोडलं की तिला तिथेच नेणार."

मला खोडी काढल्याशिवाय राहवेना. "आणि कुणी अगदीच मरायला टेकलं तर?"

"होडीत घालून शेजारच्या बेटावर न्यायचे."

त्यांनी डेलॉसला खेटून एक छोटी चकती ठेवली.

"ते बेट फार जवळ आहे, इंडो-सान. म्हणून तिची होडी मीच वल्हवणार. अगदी सावकाश."